जुनी पोस्टाची तिकिटं आणि शिक्के कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमधले वाडे एकेक करून पाडायला निघालेत आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येतायत, त्यामुळे गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तिकिटांचे फोटो पाठवणारे खूप वाढलेत. प्रश्न बरेचसे तेच तेच असतात म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढले. नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख आला तर तिथे जाऊन बघा.

१. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आणि पत्रं सापडली, त्यावरची तिकिटं काढून अल्बममध्ये लावू का?

नको, प्लीज नको. हे मी सगळ्यात आधी लिहितोय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पाकिटाला आम्ही कव्हर म्हणतो आणि तिकीट, शिक्का, पत्ता, मागचा पोचल्याचा शिक्का हे सगळं जागेवर असलं तरच त्या कव्हरची गोष्ट कळते. तिकीट कापून घेतलं की हातात उरतं ते लाखोंच्या संख्येने छापलेलं एक तिकीट, आणि जी गोष्ट फक्त तुमच्या घरात होती ती केराच्या टोपलीत जाते. सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका, चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. कोरड्या हाताने उचला, शक्यतो चपट्या टोकाच्या चिमट्याने, आणि साध्या पांढऱ्या कागदात ठेवून द्या. घरात जी सुटी तिकिटं असतील त्यांचं वेगळं, ती हवी तर स्टॉकबुकमध्ये (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांमध्ये अडकवून ठेवायची वही) लावा.

२. तिकिटावर राजाचं डोकं आहे, पण कुठला राजा ते कसं कळणार?

बाई असेल तर व्हिक्टोरिया, हे सोपं. दाढी आहे आणि डोक्यावर मुकुट नाही, टक्कल दिसतंय, तर सातवा एडवर्ड, ही तिकिटं १९०२ पासूनची. दाढी आहे, मुकुट आहे, अंगावर झगा आहे तर पाचवा जॉर्ज, १९११ पासून. दाढीमिशी काहीच नाही तर सहावा जॉर्ज, १९३७ पासून. सहाव्या जॉर्जच्या १९३७ च्या सेटमध्ये दोन आण्यापासून बारा आण्यापर्यंतच्या तिकिटांवर टपाल कसं जायचं त्याची चित्रं आहेत, पळत जाणारा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, बोट, लॉरी आणि विमान. मला स्वतःला ब्रिटिश काळातला हा सगळ्यात देखणा सेट वाटतो, आणि त्यातली बरीचशी तिकिटं आजही परवडणाऱ्या भावात मिळतात.

३. तिकिटावर साल छापलेलं नाही, मग काळ कसा काढायचा?

आधी नाव वाचा. 'ईस्ट इंडिया पोस्टेज' असं असेल तर ते १८५५ ते साधारण १८८२ च्या मधलं, नुसतं 'इंडिया पोस्टेज' आणि राणी असेल तर १८८२ नंतरचं. रंगाचीही मदत होते, अर्ध्या आण्याचं ईस्ट इंडियावालं निळं आहे आणि त्याच्यानंतरचं हिरवं.

मग किंमत वाचा. आणे आणि पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली आणि तिकिटांवर नये पैसे छापायला लागले. ज्यांना आण्याचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी, १२ पैचा एक आणा आणि १६ आण्यांचा रुपया. म्हणून जुन्या तिकिटांवर ९ पै किंवा सव्वा आणा असे आकडे दिसतात, ती छपाईतली चूक नाहीये.

राजा तोच, डिझाईन तेच आणि तरी दोन तिकिटं वेगळ्या काळातली, असंही होतं, तिथे वॉटरमार्क बघायला लागतो. तो प्रश्न ४ मध्ये.

४. वॉटरमार्क म्हणजे काय आणि घरच्या घरी कसा बघायचा?

कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली खूण. नोट उजेडात धरल्यावर गांधीजी दिसतात ना, तेच. ब्रिटिश इंडियात १८६५ पासून हत्तीचं डोकं, मग १८८० च्या दशकापासून चांदणी, आणि १९२६ पासून बारीक बारीक अनेक चांदण्या. हा शेवटचा बदल मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे, तोपर्यंत तिकिटं लंडनला दे ला रू कंपनी छापायची आणि १९२६ पासून ती आपल्या नाशिकला इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायला लागली. म्हणजे पाचव्या जॉर्जचं एकच डिझाईन, पण एक चांदणी असेल तर लंडनचं आणि अनेक चांदण्या असतील तर नाशिकचं.

बघायचं कसं, तर सुटं तिकीट काळ्या कागदावर पालथं टाका आणि दिव्याखाली तिरकं करून बघा, बरेचदा तेवढ्यात दिसतं. नाही दिसलं तर लोक काळ्या ट्रेमध्ये लायटर फ्लुइडचे दोन थेंब टाकतात, पण ते चटकन पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवासमोरच्या दिव्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून, आणि ज्याची किंमत माहीत नाही त्या तिकिटावर प्रयोग नको. कव्हरवर चिकटलेल्या तिकिटाचा वॉटरमार्क बघायच्या भानगडीत पडू नका.

५. आमच्याकडच्या तिकिटाला दातेच नाहीत, चारी बाजूंनी सरळ कापलंय. खोटं आहे का?

खोटं असेलच असं नाही. १८५४ ची पहिली अखिल भारतीय तिकिटं बिनदात्यांचीच होती, कलकत्त्याला छापलेली, दोन आण्याचं सोडून बाकीची सर्व्हे ऑफिसमध्ये शिळाछापावर. अर्धा आणा निळा, एक आणा लाल, दोन आणे हिरवा आणि चार आणे लाल-निळा. पोस्टातला माणूस शीटमधून कात्रीने कापून द्यायचा, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या असतात, आणि चारी बाजूंना मोकळा कागद शिल्लक असलेलं तिकीट मिळालं तर ते भारीच. चार आण्याचं चित्र अष्टकोनी चौकटीत आहे आणि त्या काळी बऱ्याच लोकांनी ते चौकटीबरोबर अष्टकोनी कापून लावलं, अशा तिकिटाला भाव कमी येतो. चार आणे दोन रंगांत दोनदा छापायला लागायचं, त्यात काही शीट्स उलटी गेली आणि राणीचं डोकं खाली वर झालं, ती चूक जगभर प्रसिद्ध आहे आणि तसे नमुने मोजकेच आहेत, त्यामुळे तुमच्याकडे 'उलटं डोकं' निघालं तर आधी ते रिप्रिंट (नंतर पुन्हा छापलेलं) किंवा बनावट आहे असं धरून चला.

अर्ध्या आण्याची एक गंमत भिंगाखाली बघण्यासारखी आहे. आधी ते शेंदरी रंगात छापलं होतं, पण तो परदेशी रंग संपला म्हणून ती तिकिटं विकायला आलीच नाहीत आणि मग नवीन डिझाईन करून निळ्यात छापलं. शेंदरीच्या बाजूच्या चौकटीत साडेनऊ कमानी आहेत आणि निळ्याच्या चौकटीत आठ. भिंग घ्या, एका बाजूच्या कमानी मोजा.

दुसरी शक्यता साधी आहे, कोणीतरी दात्यांच्या तिकिटाचे दाते कापून टाकलेत. शेजारी तसंच दात्यांचं तिकीट ठेवा, तुमचं बारीक दिसत असेल तर कापलेलंच आहे.

६. गोल, उठावाचं, सिंधचं तिकीट जुन्या बाजारात मिळालं. खरं असू शकतं का?

सिंध डाक म्हणतात ते. १ जुलै १८५२ ला सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअरने सिंध प्रांतात सुरू केलं, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, अर्ध्या आण्याचं, ईस्ट इंडिया कंपनीच्या चिन्हाचा ठसा दाबून उठवलेलं. लाल रंगाचं लाखेसारखं असल्यामुळे तडकायचं, म्हणून मग कागदावर पांढरं आणि निळं आलं, आणि १८५४ ला अखिल भारतीय तिकिटं आल्यावर हे बंद. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जे दिसतात ते जवळपास सगळे आधुनिक नमुने आहेत, आठवण म्हणून घ्या, पण त्याला खऱ्याचा भाव देऊ नका. खरं असेल तर त्याचं तज्ज्ञांचं सर्टिफिकेट असतं.

७. तिकिटावर देशाचं नावच नाही, किंवा असं नाव आहे जे नकाशात सापडत नाही. कुठलं समजायचं?

नाव अजिबातच नसेल आणि फक्त राजा-राणीचं डोकं असेल तर ग्रेट ब्रिटन. तिकिटाची सुरुवातच त्यांनी केली, ६ मे १८४० ला, त्यामुळे नाव लिहायची गरज पडली नाही आणि ती पद्धत आजपर्यंत चालू आहे. पहिलं ते काळं पेनी ब्लॅक, पण लोकांकडे असतं ते बहुतेक वेळा त्याच्यानंतरचं पेनी रेड आणि ते ढिगाने छापलं गेलंय.

नाव आहे पण ओळखू येत नाही अशांची छोटी यादी, कारण हे मला सारखं विचारतात. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, नॉर्गे म्हणजे नॉर्वे, एस्पान्या म्हणजे स्पेन, एरे म्हणजे आयर्लंड, निप्पॉन म्हणजे जपान, आणि रोमनमधल्या सी-सी-सी-पी सारखी दिसणारी अक्षरं म्हणजे सोव्हिएत युनियन.

८. तिकिटावर इंडिया लिहिलंय पण भाषा इंग्रजी नाही. हे काय?

दोनच शक्यता जास्त. 'इंडिया पोर्ट' किंवा 'एस्तादो द इंडिया' असेल तर पोर्तुगीज, म्हणजे गोवा, दमण, दीव, आणि किंमत रेइस किंवा तांगा-रुपियात. रोमन लिपीत आय-एन-डी-ई असेल तर फ्रेंच, म्हणजे पाँडिचेरी वगैरे, आणि नंतरच्या तिकिटांवर फानों आणि काश ही तिथली चिल्लर दिसते. ज्यांच्या घरचं कुणी गोव्यात नोकरीला होतं त्यांच्याकडे पोर्तुगीज हमखास निघतात.

९. संस्थानांची तिकिटं कशी ओळखायची? भोरचंही तिकीट होतं म्हणतात, खरं का?

एकदम खरं, आणि पुणेकरांना हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली, हाताने ठसा मारलेली, आणि १९०१ मध्ये तिथले संस्थानिक पंतसचिव शंकरराव यांचं चित्र असलेलं एक. पुण्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर स्वतःचं टपाल होतं.

संस्थानांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. काहींची स्वतःच्या डिझाईनची तिकिटं होती, म्हणजे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, काश्मीर, भोर वगैरे, आणि ती साधारण त्यांच्या हद्दीतच चालायची. हैदराबादच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा लिप्या एकत्र दिसतात, त्यामुळे ती पटकन ओळखू येतात. दुसरा प्रकार म्हणजे ब्रिटिश इंडियाच्याच तिकिटावर संस्थानाचं नाव छापलेलं, पतियाळा, ग्वाल्हेर, नाभा, जींद, चंबा आणि फरीदकोट. फरीदकोटच्या बाबतीत जपून, त्यांची रिप्रिंट बाजारात भरपूर आहेत.

१०. राजाच्या तिकिटावर काळ्या शाईत वेगळे शब्द छापलेत, ते काय?

'ऑन एच एम एस' किंवा 'सर्व्हिस' असेल तर सरकारी कामकाजाचं तिकीट. 'आय ई एफ' म्हणजे १९१४ पासून बाहेर लढायला गेलेल्या भारतीय फौजेसाठी. 'सी ई एफ' म्हणजे चीनवरची मोहीम, १९०० पासून. 'बर्मा' १९३७ चं, बर्मा वेगळा झाल्यावरचं. 'पाकिस्तान' १९४७ चं, फाळणीनंतर नवीन तिकिटं छापून होईपर्यंत सहाव्या जॉर्जवरच नाव छापून चालवलं. बहरीन, कुवेत, मस्कत हेही दिसतं, कारण आखातातलं टपाल तेव्हा भारताकडून चालायचं. संस्थानाचं नाव असेल तर प्रश्न ९. वरचा छाप खोटा मारणं सोपं असतं, म्हणून महाग तिकिटाचा छाप शिक्क्याच्या वर आलाय की खाली ते भिंगातून बघा, शिक्क्याच्या वर असेल तर नंतर कोणीतरी मारलाय.

११. मोठं, सुंदर, भारी किमतीचं तिकीट आहे पण पोस्टाचा शिक्का नाही, पेनाने सही केलीय. चालेल का?

बहुतेक ते पोस्टाचं तिकीटच नाही. कोर्ट फी, रेव्हेन्यू, रिसीट असं काही लिहिलंय का बघा. सांगली, मिरज, कोल्हापूर अशा संस्थानांची कोर्ट फीची तिकिटं इकडे जुन्या दस्तांवर नेहमी सापडतात, दिसायला अप्रतिम असतात, आणि त्यांचे वेगळे संग्राहक आहेत. दस्तावरून काढू नका, कारण तेच आहे जे प्रश्न १ मध्ये सांगितलं.

१२. शिक्का वाचायचा कसा? मला तर नुसता काळा डाग दिसतो.

माझ्या मते खरा आनंद इथे आहे. तिकीट लाखो लोकांकडे असतं, पण अमुक गावात अमुक दिवशी पडलेला शिक्का तुमच्याकडच्या एकाच पाकिटावर असतो.

भिंग घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा, अर्धं काम होतं. गोलाच्या कडेने गावाचं नाव, मधोमध दिवस, महिन्याची दोन-तीन अक्षरं आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. नावं जुन्या स्पेलिंगने वाचा, पुणे म्हणजे पूना, खडकी म्हणजे किर्की, ठाणे म्हणजे टाना किंवा थाना. 'कॅम्प पी ओ' दिसलं तर कुठलातरी साहेब किंवा फौज दौऱ्यावर असताना तात्पुरतं उघडलेलं पोस्ट. 'एक्सपेरिमेंटल पी ओ' म्हणजे गावात पोस्ट चालेल का ते बघायला आधी चाचणी म्हणून सुरू केलेलं, असे शिक्के छोट्या गावांचे असतात आणि त्यांना मागणी असते. 'आर एम एस' म्हणजे चालत्या रेल्वेत टपाल वेगळं करणारी माणसं.

एक उदाहरण नीट सांगतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून निघालेलं कव्हर मला दाखवायला आणलं होतं, राणीचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट, कुठल्याही डीलरकडे डबाभर मिळेल असं. तिकिटावर चौकोनी चौकटीतला शिक्का, पूना, जानेवारी, शेवटी ९८. पत्ता अख्खा मोडीत, खाली एका ओळीत इंग्रजीत फक्त गाव आणि जिल्हा, कारण पुढच्या पोस्टातल्या माणसाला मोडी येईलच याची खात्री नसणार. मागे दोन शिक्के, एक वाटेतल्या मोठ्या पोस्टाचा आणि दुसरा पोचल्याचा, दोन दिवसांनंतरचा. म्हणजे १८९८ च्या जानेवारीत, प्लेगच्या धामधुमीत, पुण्यातून कोकणातल्या एका गावात पत्र दोन दिवसांत पोचलं. हे सगळं त्या पाकिटानेच सांगितलं, तिकीट कापून घेतलं असतं तर उरलं असतं फक्त अर्धा आणा. मोडी वाचणारी माणसं पुण्यात मिळतात, तेव्हा पत्ता वाचून घ्याच.

१३. शिक्क्यात गावाचं नाव नाही, नुसते ठिपके किंवा रेघा आणि मध्ये एक आकडा. गाव कसं शोधायचं?

हे १८५४ नंतरच्या वीसेक वर्षांतले. तेव्हा तिकीट परत वापरता येऊ नये म्हणून त्याच्यावर एक ठसा मारायचे, चौकोनी तिरक्या ठिपक्यांचा किंवा रेघांचा, आणि गाव-तारखेचा शिक्का वेगळा, बरेचदा पाकिटाच्या मागे. मधला आकडा हा पोस्टाचा नंबर, त्याच्या याद्या प्रसिद्ध झालेल्या आहेत आणि त्यात शोधायचं. आकडे पुढे बदलले, तेव्हा कुठल्या काळाची यादी बघताय ते तपासा. १८७० च्या दशकात दोन्ही ठसे एकाच दांड्यावर जोडले, त्याला डुप्लेक्स म्हणतात, एकीकडे गाव-तारीख आणि दुसरीकडे रेघा. आता कळलं ना, जुन्या कव्हरवरचं तिकीट काढलं की गाव का हरवतं ते.

१४. तिकीट भारताचं आहे पण शिक्का परदेशातला दिसतोय, चूक आहे का?

चूक नाही, उलट छान आहे. ब्रिटिश भारताची तिकिटं खूप लांबपर्यंत चालायची. सिंगापूर, पिनांग, मलाक्कामध्ये १८६७ पर्यंत, एडन आणि बर्मामध्ये १९३७ पर्यंत, शिवाय झांझिबार आणि इराणच्या आखातातली बंदरं. प्रश्न १३ मधल्या ठशात बी १७२ दिसलं तर सिंगापूर, ठिपक्यांमध्ये १२४ दिसलं तर एडन. रंगूनचे शिक्के भरपूर मिळतात, सिंगापूरचे त्या मानाने कमी. म्हणून राणीच्या काळातली 'साधी' तिकिटं टाकून देण्याआधी प्रत्येकाचा शिक्का बघा, मी तर डबाच्या डबा यासाठी चाळतो.

१५. शिक्क्यात साल नुसतं '११' किंवा '४७' असं आहे, शतक कुठलं?

तिकीट शतक सांगतं. सहाव्या जॉर्जवर ४७ म्हणजे १९४७च. पण उलटं धरू नका, राजा गेला म्हणून तिकीट लगेच बंद होत नाही, सहाव्या जॉर्जची तिकिटं स्वातंत्र्यानंतरही वापरात होती, त्यामुळे तिकिटावरून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच नक्की सांगता येतं. १५ ऑगस्ट १९४७ ला 'जय हिंद' असा खास शिक्का मारला गेला तो राजाच्या तिकिटांवरच, कारण स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं, साडेतीन आण्याचं, आलं २१ नोव्हेंबर १९४७ ला. सहा आकडी पिनकोड शिक्क्यात असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

१६. पाकिटावर 'बेअरिंग', 'टू लेट', सेन्सॉर असे जादा शिक्के आहेत, त्यांनी किंमत कमी होते का?

नाही, वाढली तर वाढते. बेअरिंग म्हणजे तिकीट न लावता पाठवलेलं, घेणाऱ्याने दुप्पट भरायचं. टू लेट म्हणजे टपालाची वेळ उलटून गेल्यावर आलेलं. सेन्सॉरची पट्टी किंवा शिक्का दोन्ही महायुद्धांच्या काळात दिसतो. 'पाकबो' हा बोटीवर टाकलेल्या पत्राचा. आणि सगळ्यात वरचा म्हणजे १८ फेब्रुवारी १९११ चा अलाहाबादचा 'फर्स्ट एरियल पोस्ट' शिक्का, हेन्री पेके याने विमानातून यमुनेपलीकडे नैनीला टपाल नेलं, जगातली पहिली अधिकृत विमान टपाल सेवा. तो कोणाच्या ट्रंकेत असेल तर त्याची वेगळी काळजी घ्या.

१७. पोस्टकार्डावर तिकीट चिकटवलेलं नाही, छापलेलं आहे. ते तिकीट धरायचं का?

हो, त्याला पोस्टल स्टेशनरी म्हणतात. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. तिकीट कापू नका, अख्खं कार्ड ठेवा, आणि मागचा मजकूर वाचा, लग्नाची याद, भाताचा भाव, कोण आजारी आहे, सगळं त्यात असतं.

१८. राणीच्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ येतात, खरं आहे का?

सर्रास नाही. १८८२ नंतरची राणीची साधी तिकिटं, एडवर्ड आणि दोन्ही जॉर्जची छोट्या किमतीची तिकिटं प्रचंड छापली गेली आणि आजही किरकोळ भावात मिळतात. जुनं म्हणजे महाग असं नसतं. भाव ठरतो तो किती शिल्लक आहेत, कंडिशन कशी आहे, आणि शिक्का किंवा कव्हर वेगळं आहे का, यावर. स्टॅन्ले गिबन्स या ब्रिटिश तिकीट कंपनीच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे विक्रीचा भाव नव्हे, तुम्ही विकायला गेलात तर त्यापेक्षा बराच कमी मिळतो. व्हिडिओ बघून कोणी 'रजिस्ट्रेशन फी भरा, मग तिकीट विकत घेतो' म्हणालं तर फोन ठेवून द्या, ती सरळ फसवणूक आहे.

१९. गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट आमच्याकडे आहे, ते तरी महाग असेल ना?

हे खरंच चांगलं तिकीट आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटांचा सेट आला, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, हिंदी आणि उर्दूत 'बापू' लिहिलेलं, स्वित्झर्लंडला कूर्व्हॉइझिए कंपनीत छापलेलं. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती, त्यामुळे कमी विकलं गेलं. म्हणूनच नकला खूप. दात्यांच्या मापपट्टीवर दोन सेंटिमीटरला साडेअकरा दाते भरले पाहिजेत आणि भिंगाखाली रंग सलग दिसला पाहिजे, कलर प्रिंटरसारखे वेगवेगळ्या रंगांचे सुटे ठिपके दिसले तर नक्कल. 'सर्व्हिस' छापलेलं दहा रुपयांचं अत्यंत दुर्मिळ आहे, ते सर्टिफिकेटशिवाय कधीही विकत घेऊ नका.

२०. फोटो पाठवून विचारायचं असेल तर कसा पाठवू? आणि जीपीओत दाखवलं तर चालेल का?

पुण्याच्या जीपीओत फिलाटेली ब्युरो आहे, तिथे नवीन तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट) मिळतात, जुन्याची किंमत करून देणं हे त्यांचं काम नाही. फोटो पाठवताना पुढची आणि मागची दोन्ही बाजू, सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून. शिक्क्याचा एक जवळून वेगळा फोटो. पाकिटात पत्र असेल तर तेही सांगा, आणि घरातलं कोण कुठल्या गावी होतं ते आठवत असेल तर लिहा, अर्धवट शिक्का वाचताना ते फार उपयोगी पडतं.